पाण्याचा आकडा उघडा असू द्या

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "शाळेच्या आठवणी सगळेच सांगणार आहेत. तू तुझ्या कामातलं काहीतरी सांग. आणि जेवणाच्या आधी संपव." तेव्हा दोन्ही सूचना पाळायचा प्रयत्न करतो.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. डिप्लोमा झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत मी वातानुकूलनाच्या प्लॅन्टवर काढली. आधी औषधांचे कारखाने, मग हॉस्पिटलं, मग मॉल, आणि शेवटची काही वर्षं डेटा सेंटर. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या लेखी मी अजून 'एसीवाला'च आहे. मे महिना उजाडला की फोन येतात, "अरे, घरचा एसी गार करत नाही, गॅस गेला असेल का रे?" आज मात्र तुमच्या घरच्या एसीविषयी बोलणार नाही. ज्या एसीला गावाएवढं पाणी लागू शकतं, त्याविषयी बोलणार आहे.

डेटा सेंटर म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, फोटो साठवतो, रेल्वेचं तिकीट काढतो, आणि हल्ली नातवंडं त्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंधही लिहून घेतात; ही सगळी कामं कुठल्यातरी इमारतीत रांगेनं लावलेले हजारो संगणक करत असतात. ती इमारत म्हणजे डेटा सेंटर. आकाशात 'क्लाउड' वगैरे काही नाही. सिमेंटची इमारत आहे, तिला पत्ता आहे, विजेचं मीटर आहे आणि बहुतेक ठिकाणी नळाचं कनेक्शनही आहे.

या संगणकांत जेवढी वीज जाते, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर काढली नाही तर काही मिनिटांत यंत्रं बंद पडतील. म्हणून तिथे आमच्यासारख्या लोकांची चोवीस तास ड्युटी.

ही उष्णता बाहेर टाकायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, पंखे लावून हवेत सोडायची. यात पाणी जवळजवळ लागत नाही, पण वीज जास्त खर्च होते. दुसरा मार्ग आपल्या विज्ञानाच्या बाईंनी आठवीतच शिकवला होता. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, चुकलो तर त्या टोकतीलच. माठातलं पाणी गार का होतं? माठाच्या अंगातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पाणी आतली उष्णता घेऊन जातं. बाष्पनाचा अप्रकट उष्मा. कारखान्यांच्या गच्चीवर जे कूलिंग टॉवर दिसतात, ते याच तत्त्वावर चालणारे अजस्र माठ आहेत. वीज वाचते, पण पाणी हवेत जातं. परत नळात येत नाही.

किती पाणी? चला, दहावीचं गणित करू. सर, वहीत मांडून दाखवायची सवय तुम्हीच लावलीत. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. एक मेगावॉट म्हणजे सेकंदाला १००० किलोज्यूल. म्हणजे एक मेगावॉट उष्णता पूर्णपणे वाफेच्या मार्गानं काढायची, तर सेकंदाला साधारण ४०० मिलिलिटर पाणी हवेत जाईल. दर सेकंदाला दोन फुलपात्रं म्हणा. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की दिवसाला सुमारे ३६ हजार लिटर.

इथे गणित संपत नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात. आपल्या किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तसा. तो थर यंत्रात बसू नये म्हणून टॉवरमधलं खारट झालेलं पाणी अधूनमधून काढून टाकावं लागतं आणि ताजं भरावं लागतं. आम्ही त्याला ब्लोडाउन म्हणतो. वाफेच्या एक तृतीयांश धरलं, तर आणखी १२ हजार लिटर. म्हणजे एका मेगावॉटला दिवसाला ४८ हजार लिटर. पूर्ण भारानं चालणाऱ्या १० मेगावॉटच्या केंद्राला ४ लाख ८० हजार लिटर. शहरी माणसाला आपल्याकडे दिवसाला १३५ लिटर हा मापदंड धरतात. त्या हिशेबानं हे साडेतीन हजार माणसांचं पाणी झालं. आणि आज १० मेगावॉटचं केंद्र लहान समजलं जातं.

आता लगेच कोणी म्हणेल, म्हणजे डेटा सेंटर वाईट. मी तसं म्हणत नाही. माझी रोजीरोटी त्यावर चालली, आणि आज इथले फोटो तुम्ही संध्याकाळपर्यंत आपल्या ग्रुपवर टाकाल तेव्हा ते अशाच एका इमारतीत जाऊन बसणार आहेत. शिवाय सगळी केंद्रं पाण्यावर चालत नाहीत. अनेक ठिकाणी हवेनं थंड होणारे चिलर असतात. म्हणूनच प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा असतो, आणि तो आकडा विचारल्याशिवाय कळत नाही. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे: हा आकडा मंजुरीच्या आधी गावाला माहीत असला पाहिजे.

तो माहीत नसला की काय होतं, आणि असला की काय होतं, याची दोन गावं सांगतो. दोन्ही परदेशातली आहेत. मग आपल्या दारात येतो.

पहिलं गाव अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातलं, द डॅल्स. वस्ती सोळा हजारांच्या आसपास. कोलंबिया नदीचं अफाट पात्र गावाशेजारून वाहतं, पण गावाच्या नळाला पाणी येतं ते डोंगरातल्या जंगलातल्या ओढ्यांचं आणि विहिरींचं. २००६ साली गूगलनं तिथे आपलं डेटा सेंटर सुरू केलं आणि पुढे वाढवत नेलं. २०२१ साली आणखी विस्ताराची बोलणी चालू होती, उन्हाळा कोरडा होता, आणि 'द ऑरेगोनियन' या वर्तमानपत्रानं नगरपालिकेला साधा प्रश्न विचारला: ही केंद्रं किती पाणी वापरतात? नगरपालिका म्हणाली, सांगता येणार नाही, ते व्यापारी गुपित आहे. जिल्ह्याच्या सरकारी वकिलानं माहिती द्या असा आदेश दिला. तर नगरपालिकेनं उलट वर्तमानपत्रावरच खटला भरला, आणि नगरपालिकेच्या वकिलांचा खर्च उचलायचं कंपनीनं मान्य केलं. म्हणजे बघा, पाणी गावाचं, पाइप गावाचा, मीटर गावाचं, आणि मीटरवरचा आकडा गुपित.

हे भांडण तेरा महिने चाललं. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले. २०२१ या एका वर्षात केंद्रांनी सुमारे ३५ कोटी ५० लाख गॅलन पाणी वापरलं होतं. आपल्या मापात १३४ कोटी लिटर, म्हणजे दिवसाला सरासरी ३६ लाख लिटरच्या वर. गावाच्या एकूण वापराच्या एक चतुर्थांशाहून जास्त. आणि गंमत अशी की विस्तारासाठीच्या पाणीकराराला नगरपालिकेच्या सभेनं नोव्हेंबर २०२१ मध्येच मान्यता दिली होती. आकडा गावाला कळला, तो सही झाल्यानंतर वर्षभरानं. त्या करारात गावाच्या फायद्याच्याही गोष्टी होत्या. पाणीयोजनेच्या कामांसाठी कंपनीनं पैसे देऊ केले होते. कदाचित लोकांनी तो करार आकडा बघूनही मान्य केला असता. पण तशी संधीच त्यांना मिळाली नाही.

दुसरं गाव चिलीमधलं. राजधानी सांतियागोला लागून सेरियोस नावाचा भाग आहे. मध्य चिली कित्येक वर्षं दुष्काळात होरपळतो आहे. तिथे गूगलच्याच डेटा सेंटरचा प्रस्ताव आला. पण तिथल्या पर्यावरण मंजुरीच्या कागदपत्रांत पाण्याचा आकडा लिहावा लागतो आणि ती कागदपत्रं लोकांना बघता येतात. रहिवाशांनी ती वाचली. आकडा होता सेकंदाला १६९ लिटर. करा गुणाकार: दिवसाला जवळजवळ दीड कोटी लिटर. लोक गोळा झाले, पत्रकं वाटली, मतं मागितली. कंपनीनं पाण्याऐवजी हवेनं थंड करण्याची पद्धत स्वीकारायची तयारी दाखवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण न्यायाधिकरणानं मंजुरी अंशतः रद्द केली आणि हवामानबदलाचा भूजलावर काय परिणाम होईल, याचा पुन्हा विचार करा असं सांगितलं. त्याच वर्षी कंपनीनं जाहीर केलं की आम्ही नव्यानं प्रक्रिया करू, आणि थंडाव्यासाठी पाणी वापरणार नाही.

कंपनी तीच, यंत्रंही साधारण तशीच. एका ठिकाणी आकडा कपाटात होता, दुसऱ्या ठिकाणी टेबलावर. परिणाम किती वेगळा झाला ते तुमच्यासमोर आहे.

आता आपल्या दारात येऊ. ऐरोली, रबाळे, महापे हा ठाणे-बेलापूर पट्टा आज देशातल्या डेटा सेंटरांचं मोठं ठाणं झाला आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, वीज खात्रीची आहे, आणि राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांना सवलतीही आहेत. या पट्ट्यातल्या एमआयडीसीला पाणी कुठून येतं? शेजारच्या खाडीतून तर नाही येत. ते येतं आपल्या बारवीतून.

इथे बसलेल्यांना बारवी काय आहे ते मी सांगायला नको. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते धरण झालं ते कारखान्यांच्या पाण्यासाठी. मग शहरं वाढली, त्यांनाही त्यातलं पाणी जाऊ लागलं, आणि धरणाची उंची टप्प्याटप्प्यानं वाढत गेली. आपल्या वर्गात मागच्या दोन बाकांवर कोण बसायचं ते आठवा. त्यांच्यातल्या काहींचं घर, खळं, गावदेवीचं देऊळ आज त्या पाण्याखाली आहे. ते आज इथे आलेत. धरण भरलं की आपण पुलावर फोटो काढायला जातो, ते जात नाहीत. आणि उन्हाळ्यात उल्हास नदीवरच्या शहरांत आठवड्यातून एक दिवस पाणी बंद होतं, तेव्हा तुमच्या-माझ्या घरात पिंपं भरून ठेवायची धावपळ होते. शेजारच्या शहापूर तालुक्यात तर भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. तेव्हा धरण जवळ असलं म्हणजे पाणी आपलं, असं होत नाही, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

म्हणून त्या पट्ट्यातल्या प्रत्येक नव्या केंद्राला, आणि उद्या ती इकडे सरकली तर इकडच्या केंद्रालाही, पाच प्रश्न विचारले पाहिजेत. हे प्रश्न मी आयुष्यभर प्लॅन्टच्या आतून बघितले आहेत, म्हणून खात्रीनं सांगतो की यांची उत्तरं कंपनीकडे पहिल्या दिवसापासून तयार असतात. ती काढल्याशिवाय यंत्रांची ऑर्डरच देता येत नाही.

पहिला: किती मेगावॉट, आणि बाहेरची उष्णता कशानं काढणार, पाण्यानं की हवेनं? इथे एक सावधगिरी. 'आमची पद्धत क्लोज्ड लूप आहे, पाणी पुन्हा पुन्हा तेच फिरतं' असं सांगितलं जातं. ते खरंही असतं, पण आतल्या पाइपापुरतं. आतल्या पाण्यानं गोळा केलेली उष्णता शेवटी बाहेर टाकावीच लागते. ती टाकणारा टॉवर उघडा असेल, तर पाणी तिथून जातं. तेव्हा विचारायचं ते बाहेरच्या टोकाविषयी.

दुसरा: सर्वांत तापलेल्या दिवशी किती पाणी लागेल? वर्षाची सरासरी सांगून भागणार नाही. टॉवर सर्वांत जास्त पाणी पितो तो एप्रिल-मेच्या दुपारी, आणि नेमकं तेव्हाच धरण तळाला गेलेलं असतं. पावसाळ्यातल्या आकड्यानं सरासरी छान दिसते, मेमधला हंडा भरत नाही.

तिसरा: पाणी पिण्याचं की प्रक्रिया केलेलं सांडपाणी? कूलिंग टॉवरला पिण्याच्या पाण्याची गरज नसते. अमेरिकेतच जॉर्जियामधल्या डग्लस काउंटीत गूगलचं केंद्र गावच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच वापरतं. फिनलंडमध्ये हमिना इथे जुन्या कागद गिरणीच्या जागी समुद्राच्या पाण्यावर काम चालतं. एवढं लांब कशाला? आपलं कोराडीचं वीज केंद्र नागपूरच्या सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं पाणी वापरतं. त्यासाठीच्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटर आहे. नवी मुंबई महापालिकेनंही ऐरोली आणि कोपरखैरणे इथे कारखान्यांना देता येईल अशा दर्जाचं पाणी तयार करणारे प्रकल्प उभारले आहेत. म्हणजे सोय दारात आहे. नव्या केंद्रानं तेच पाणी घ्यावं, ही अट मंजुरीतच घालता येते.

चौथा: पाणीकपात आली तर आधी कोणाचं पाणी कमी होणार? संगणक एक दिवसही बंद ठेवता येत नाहीत, असं कंपनी म्हणणारच. मग पाण्याशिवाय चालणारी पर्यायी यंत्रणा तिनं पहिल्या दिवसापासून बसवावी आणि तसं करारात लिहून द्यावं. नाहीतर कपात येईल ती वस्तीच्या वाट्याला.

पाचवा: दर महिन्याचं मीटरचं रीडिंग लोकांना कुठे बघायला मिळेल? आणि ते ब्लोडाउनचं खारट, रसायनं घातलेलं पाणी कुठे सोडणार?

कोणी म्हणेल, पाणी वाचवायला हवेचे चिलर लावले तर वीज जास्त जाईल, आणि औष्णिक वीज करायलाही पाणी लागतंच. अगदी बरोबर. फुकट काहीच नाही. पण तो सौदा कुठल्या गावाच्या जिवावर करायचा, हे दोन अधिकारी आणि एका कंपनीनं बंद खोलीत ठरवू नये. आकडे समोर ठेवले तर आपल्या गावातली माणसं एवढी अडाणी नाहीत. आपल्या याच वर्गातून चार इंजिनिअर, दोन वकील, एक सी.ए. आणि एक माजी सरपंच निघाले आहेत.

हे विचारायचं कुठे? २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या अर्जात पाण्याची गरज लिहावी लागते. अशा बांधकामांना जनसुनावणीची अट नाही. म्हणजे आपल्याला कोणी बोलावणार नाही. आपणच 'परिवेश' संकेतस्थळावर जाऊन अर्ज वाचायचा. बाकीच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत तीस दिवस. त्या कायद्यातही व्यापारी गुपिताचं कलम आहे, आणि ते पुढे केलं जाईल. पण त्याच कलमात लिहिलंय की व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते. पिण्याच्या पाण्याहून मोठं जनहित कुठलं, हे अपिलात विचारायला आपले दोन वकील आहेतच. आज जेवताना त्यांनी माझ्या शेजारी बसावं ही विनंती.

शेवटी तीन सूचना मांडतो. एक, बॅचच्या वतीनं आपण येत्या महिन्यात एक अर्ज करू: बारवीचं किती पाणी कोणकोणत्या डेटा सेंटरला मंजूर आहे आणि गेल्या पाच वर्षांत प्रत्यक्ष किती गेलं. अर्जाचा मसुदा मी करून आणला आहे, मागच्या टेबलावर ठेवला आहे, सुधारणा सुचवा. दोन, उत्तर येईल ते तसंच्या तसं शाळेच्या विज्ञान मंडळाला द्यायचं. आठवीच्या मुलांनी त्याचे आलेख काढावेत आणि ते फलकावर लावावेत. माठाचा धडा त्यांना अजून आहे, त्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. तीन, ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्या आपल्या मित्रांपैकी कोणीतरी या अर्जावर पहिली सही करावी. त्या पाण्याचा हिशेब विचारायचा पहिला हक्क त्यांचा आहे.

गुरुजनहो, तुम्ही आम्हाला उत्तर लिहिताना एकक लिहायला शिकवलंत. एकक नसेल तर अर्धा गुण जायचा. 'विकास' या शब्दापुढेही आता एकक लिहायची वेळ आली आहे: किती मेगावॉट, किती लिटर, कुठल्या महिन्यात, कुणाच्या वाट्याचे.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत. पुरणपोळी गार होण्याआधी थांबतो.